अर्धी ही, अर्धी ती

आप्पांनी हार्ड डिस्कच्या प्रश्नावर घरातल्यांची मतं घेतली तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. माझं मत घेतलंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडे सगळ्यांचं मत घेण्याची पद्धत होती. हॉलमधून आप्पांनी विचारलं, "मीनल, तुला काही म्हणायचंय का?" आणि मोहरी तडतडायची थांबेपर्यंत ते पुढच्या मुद्द्यावर गेलेही.

आप्पा माझे सासरे. पाटबंधारे खात्यात त्यांची उभी हयात दोन गावांच्या पाण्याच्या भांडणात मधे उभं राहण्यात गेली होती, आणि निवृत्तीनंतर ते कौशल्य वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते घरात वापरायला काढलं होतं. कुठल्याही वादात ते मधला मार्ग शोधत. टीव्हीच्या आवाजावरून एकदा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि माझे मिस्टर प्रफुल्ल यांचं वाजलं, तेव्हा आप्पांनी आवाज मोजून मधोमध आणला. तेव्हापासून कोणाला धड ऐकू येत नव्हतं आणि कोणाला धड झोप लागत नव्हती. आप्पांच्या मते हा आदर्श तोडगा होता, कारण त्यात कोणाचीच बाजू घेतली नव्हती.

घरात पहिला कॉम्प्युटर यायचा होता. असेंबल केलेला, स्वस्तातला. पडदा, कीबोर्ड, कॅबिनेट यांवर एकमत झालं होतं, कारण त्यात कोणाला काही कळत नव्हतं. डिस्कवर मात्र अडलं. माझा धाकटा दीर हर्षल म्हणत होता, नव्या पद्धतीची चिपवाली घ्या, बटण दाबलं की चालू. प्रफुल्ल म्हणत होते, त्या किमतीत ती एवढीशी येते, आपल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेटसुद्धा मावायची नाही. साधी फिरत्या चकतीची घ्या, एक टीबीची, सात पिढ्यांचं बसेल. हर्षलचा शब्द तांत्रिक बाबतीत अखेरचा मानला जाई. तो पाइपच्या कारखान्यात होता आणि त्याचा डिप्लोमा प्लास्टिकमधला होता, पण एकदा त्याने कोणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये रॅम बसवली होती. तेव्हापासून आमच्या गल्लीत प्रिंटर अडला तरी त्यालाच बोलावत.

मला त्या डिस्कशी काय घेणं, असं कोणालाही वाटलं असतं. मी एम.एस्सी. फिजिक्स, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला सकाळी जायची आणि बाराला घरी यायची. लग्नाआधी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. झिंक ऑक्साइडचे पातळ थर, विषारी वायू ओळखू शकतील असे. थर तयार झाले, मोजमापं झाली, आणि मग मुलगी झाली. तेव्हाही आप्पांनी मतं घेतली होती. माझं म्हणणं होतं, सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करते. आईंचं म्हणणं होतं, नाव काढून टाका. आप्पांनी मधला मार्ग काढला. नोंदणी राहू दे, फी भरत राहू, काम तेवढं तूर्तास थांबव. अशा रीतीने मी बरीच वर्षं पीएच.डी. करत होते आणि करत नव्हते. आता मुलगी दुसरीत होती, आणि भिरूड सरांचा, माझ्या मार्गदर्शकांचा, निरोप आला होता की ही शेवटची मुदतवाढ. डिसेंबरपर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द, थरांवर पाणी.

आकडे पेन ड्राइव्हमध्ये पडून होते. ते मांडायचं, तपासायचं आणि लिहायचं राहिलं होतं. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम अवजड होता. माझ्याकडे वेळ होता तो दुपारचा, घर झोपलेलं असतं तेवढाच. साध्या डिस्कवर तो प्रोग्रॅम उघडेपर्यंत आप्पा चहाला उठले असते.

चिपवाली निवडून येणार नाही हे मला दिसत होतं. लग्नाची कॅसेट फार बलवान होती. म्हणून मी कढी वाढताना म्हटलं, "आप्पा, एक तिसरी येते म्हणे. हायब्रिड. अर्धी ही, अर्धी ती."

आप्पांचा घास हातात राहिला. इतक्या प्रेमाने ते माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

"म्हणजे कशी?"

मी सांगितलं. मोठी फिरती चकती असते आणि तिच्याच पोटात छोटी चिप. सगळा साठा चकतीवर, आणि त्यातलं जे पुन्हा पुन्हा लागतं त्याची एक प्रत चिपवर. किंमत दोन्हींच्या मधली.

"मधली," आप्पा म्हणाले, आणि विषय संपला. हर्षलने आपल्याला ही कल्पना आधीच सुचली होती, फक्त बोलायची राहिली होती, असं सांगितलं. संध्याकाळी दुकानात तो दुकानदाराला समजावत होता की हायब्रिड कशी काम करते. मी ऐकत उभी होते. चकतीऐवजी त्याने दोन वेळा मोटर म्हटलं, पण एकूण बरं सांगितलं.

कॉम्प्युटर हॉलमध्ये बसला. आईंनी कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्यावर क्रोशाचा रुमाल आला, आणि हवा जायला जागा हवी म्हणून मी रोज दुपारी काढायचे तो रुमाल आई रोज संध्याकाळी परत घालायच्या. प्रफुल्ल रविवारी मुलीचे फोटो बघत. आप्पा गुरुवारी पत्त्यांचा डाव मांडत. हर्षलने घराचे नकाशे काढायचा एक प्रोग्रॅम कुठूनसा आणून टाकला होता. त्याचं लग्न ठरत होतं, वर एक मजला चढवायचा होता, आणि तो मजला आधी पडद्यावर चढत होता, महिन्यातून एखादा जिना या गतीने. प्रत्येकाची तक्रार एकच होती, की यंत्र मंद आहे. आप्पा म्हणत, नवीन आहे, रुळेल.

मी तक्रार करत नव्हते. माझं काम एका फोल्डरमध्ये होतं आणि फोल्डरचं नाव मी 'लोणची' ठेवलं होतं. आमच्या घरातल्या पुरुषांनी लोणच्याची बरणी कधी उघडली नव्हती, तर फोल्डर कुठून उघडणार? आई कॉम्प्युटरला हात लावत नसत, धक्का बसेल म्हणून. रोज जेवणं आटोपून भांडी पालथी घातली की मी बसायची. सुरुवातीला प्रोग्रॅम सावकाश उघडायचा, मग जरा लवकर, आणि उन्हाळा येईपर्यंत असा उघडायला लागला की मला खुर्ची पुढे ओढायला वेळ मिळू नये. निम्मा प्रबंध झाला होता. उरलेल्या निम्म्याला दुपारच्या झोपा पुरणार नाहीत हा हिशेब मला कळत होता, आणि घरकामातून रजा मागावी तर कशासाठी हे सांगावं लागलं असतं. न मागावी, तर डिसेंबर येतच होता.

मे महिन्यात भुसावळचे फालक घर बघायला आले. मुलगी आमच्याकडच्यांनी आधीच पाहून पसंत केली होती. आता तिच्या माणसांनी येऊन घर, अंगण आणि माणसं पाहायची आणि होकार कळवायचा, एवढंच उरलं होतं. यात मुलीने यायचं नसतं. चेतना आली. फालककाका रेल्वेत सिग्नल खात्यात होते, काकू घरीच, आणि त्यांच्यामागून गाडीतून ती स्वतः उतरली, सुती ड्रेस घातलेली, पायात चपला सपाट. आई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोरगी स्वतः आली गं." जणू मोरीतून पाणी उलटं आलं होतं.

चेतना सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होती आणि नाशकात एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. नोकरीचं लग्नानंतर बघू, असं आप्पांनी फोनवर सांगितलं होतं. फालकांनी त्याचा अर्थ 'बघू' असा घेतला होता. आम्हाला त्याचा अर्थ माहीत होता.

कूलरसमोर पाहुणे बसले, पन्हं झालं, शेवयांची खीर झाली, आंब्याच्या फोडी झाल्या. मग हर्षलने वरच्या मजल्याचा विषय काढला. खरं तर तो सकाळपासून त्याच विषयाची वाट बघत होता. सगळ्यांच्या खुर्च्या कॉम्प्युटरकडे वळवण्यात आल्या. रुमाल निघाला. हर्षलने नकाशाच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली आणि पडद्यावर ते गोल कडं फिरायला लागलं.

कडं फिरत राहिलं. फालककाकूंनी फोड संपवली. फालककाकांनी आमचं छत निरखलं. हर्षल बोलायला लागला, कारण दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडची डिस्क साधी नाही, हायब्रिड आहे. हिची गंमत अशी की ही शिकते. तुम्ही रोज काय उघडता ते ध्यानात ठेवते आणि तेच चटकन हाताशी देते. बाजारात एवढ्या किमतीत दुसरं असं काही नाही.

"मग हे तुम्ही रोज उघडत नाही?" चेतनाने विचारलं. तिचा सूर साधा होता. नळाला पाणी किती वाजता येतं, असं विचारावं तसा.

"रोज," हर्षल म्हणाला. "जवळजवळ रोज."

कडं फिरत होतं.

ते थांबायचं चिन्ह दिसेना तेव्हा फालककाकूंनी पडद्यावर बोट दाखवलं. त्यांना वाचायला चष्मा लागत नव्हता, हे माझं दुर्दैव. "लोणची दिसतंय तिथं. ते उघडा ना तोवर. कैरीचे दिवस आहेत, तुमच्याकडचं प्रमाण तरी कळेल."

आई कौतुकाने म्हणाल्या, मीनलने लिहून ठेवलं असेल, तिला हौस आहे. मी पुढे झाले, म्हटलं, ते अर्धवट आहे, मी तोंडी सांगते. पण चेतना माउसपाशी बसली होती. तिने फोल्डर उघडलं. आत एकच चिन्ह होतं. तिने त्यावर दोनदा टिचकी मारली.

पडदा क्षणात पांढरा झाला आणि माझा आलेख समोर उभा राहिला. सपाट रेषा आणि त्यातून वर गेलेले अणकुचीदार सुळके, खाली निळ्या रंगात कालची बेरीज. हर्षलचा मजला अजून मागे कुठेतरी फिरतच होता.

"हे लोणचं नाही," फालककाकू म्हणाल्या.

"एक्सआरडी आहे, एक्स-रेचा आलेख," चेतना म्हणाली. ती पडद्याजवळ वाकली. "कोणीतरी सुळके बसवत आणलेत. छान बसवलेत. हे कोणाचं काम आहे?"

बोलले फालककाका. सिग्नलचा माणूस, लाल-हिरव्याचा अर्थ लावण्यात आयुष्य गेलेलं. ते हर्षलला म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, रोजचं असेल ते लगेच उघडतं. म्हणजे घरात हेच रोज चालतं."

सगळ्यांनी हर्षलकडे पाहिलं, मग प्रफुल्लकडे, मग आप्पांकडे. मी शेवटी आले. प्रफुल्लच्या चेहऱ्यावर, स्वतःच्याच घरात वाट विचारावी लागलेल्या माणसाचा भाव होता. आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत जे होतं ते पाहुण्यांसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. डिसेंबर संपला, असं मी मनात म्हटलं.

आणि आई बोलल्या. आमच्या घरात मतं आप्पा घेत; वेळ आली की निर्णय आई घेत. "आमच्या मीनलचं आहे ते. पीएच.डी. करतेय ना ती. आम्ही तिला कधी अडवलं नाही हो."

आप्पांनी एक घोट पन्हं घेतलं. पेला रिकामा होता, तरी घेतलं. "अडवायचं काय," ते म्हणाले. "कॉम्प्युटर घेतलाच मुळी तिच्यासाठी."

"ही हायब्रिड तिच्यासाठीच शोधून आणली," हर्षल म्हणाला. त्याच क्षणी त्याचा मजला उघडला, पण तो बघायला कोणी तयार नव्हतं.

मी रिकामे पेले उचलून स्वयंपाकघरात आले. पाठोपाठ ताटल्या घेऊन चेतना आली. पाहुण्यांनी असं करायचं नसतं, पण तिने यायचंही नव्हतंच.

तिने ताटल्या मोरीत ठेवल्या. "ताई, त्या फोल्डरचं नाव लोणची का आहे?"

बाहेर आईंनी मला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं ते एका वाक्यात देऊन टाकलं होतं. मी त्या वाक्याला मान डोलावली की झालं. पाहुण्यांसमोर बोललेला शब्द आमच्याकडे मोडत नसत. उद्यापासून मला उघड बसता आलं असतं. उलट ही मुलगी नकार देऊन गेली असती, तर त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं असतं आणि प्रबंधाचं काय झालं असतं, हे सांगायला फिजिक्स लागत नाही. पण तिने मोजमाप विचारलं होतं. मला चुकीचं मोजमाप सांगता येत नाही.

"कारण ते कोणी उघडत नाही," मी म्हटलं.

"मग आत्ता तुमच्या सासूबाई म्हणाल्या, ते?"

"ते खरं आहे. पाच मिनिटं झाली असतील खरं होऊन."

ती हसली नाही. "आणि मी इथे आले तर?"

"हर्षल चांगला आहे. थापा मारतो, पण त्या पकडता येतात, ते तू पाहिलंस. इथे तुला कोणी मारणार नाही, उपाशी ठेवणार नाही, नाहीसुद्धा म्हणणार नाही. इथे तूर्तास म्हणतात."

तिने नळ सोडून हात धुतले, पदर नव्हता म्हणून ओढणीला पुसले आणि बाहेर गेली. मी वळले तर दारात आई उभ्या होत्या, हातात शेवयांच्या खिरीची रिकामी वाटी. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि परत गेल्या.

फालक कळवतो म्हणून निघून गेले. गाडी वळेपर्यंत सगळे फाटकात हात हलवत होतो. आत आल्यावर आप्पांनी मला बोलवायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई त्यांना म्हणाल्या, निरोप येऊ दे आधी. मग स्वयंपाकघरात येऊन पिठाचा डबा काढता काढता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाच नाही. दहा मिनिटं झाली होती."

दोन दिवस घरात कोणी मत दिलं नाही. प्रफुल्लनी एकदाच विचारलं, मला तरी सांगायचंस. मी म्हटलं, तुम्ही आप्पांना विचारलं असतंत. त्यांनी विचार केला आणि ते बरोबर आहे असं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी फालककाकांचा फोन आला. आप्पांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. मुलगा आम्हाला पसंत, घर पसंत, माणसं पसंत. चेतनाचं एवढंच म्हणणं आहे की मोठ्या सूनबाईंसाठी तुम्ही इतकं करता, खास कॉम्प्युटर घेता, हे बघून तिला फार बरं वाटलं. तिलाही नोकरी चालू ठेवायची आहे. तेव्हा मोठ्या सूनबाईंचा प्रबंध विद्यापीठात दाखल होऊ द्या. तो झाला की दुसऱ्याच आठवड्यात लग्न करू.

आप्पा म्हणाले, दोन्ही बरोबरच चालू दे की. आधी लग्न, तूर्तास—

"नाही म्हणतेय ती," फालककाका म्हणाले. अगदी नम्रपणे. "आधी ते."

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. माझ्या सुळक्यांवर त्याचा मुहूर्त लटकला होता.

त्यानंतर आमच्या घरात विज्ञानाला जे दिवस आले, ते कुठल्या देशात आले नसतील. हर्षलने नकाशाचा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने काढून टाकला. म्हणाला, जागा अडते. कोणाची अडत नव्हती. आईंनी संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला आणि क्रोशाचा रुमाल कपाटात ठेवला. प्रफुल्ल मुलीचा अभ्यास घ्यायला लागले, त्यामुळे मुलीला तिसरीतच कळलं की बाबांना भागाकार येत नाही. आप्पा रोज सकाळी चहा घेताना विचारत, कितवं प्रकरण? पाटबंधाऱ्यात ते धरण किती भरलं विचारायचे, त्याच आवाजात. भुसावळला फोन करून ते पातळी कळवत असावेत, कारण चेतनाचा मला एकदा नुसता निरोप आला : चौथ्याला इतका वेळ का?

दिवाळीनंतर प्रबंधाच्या बांधणीवाल्याकडे आप्पा स्वतः जाऊन बसले. त्याने उद्या या म्हटलं, तर ते तिथेच थांबले. मंगल कार्यालय घेऊन झालं होतं, पत्रिका छापायला गेल्या होत्या.

विद्यापीठातही ते माझ्याबरोबर आले, लग्नाकार्यातला कोट घालून. प्रती त्यांनीच उचलल्या होत्या, मला धरू दिल्या नाहीत. खिडकीत जो बाबू होता त्याने प्रती ठेवून घेतल्या, माझी सही घेतली आणि पोचपावती सोमवारी न्या म्हणाला. मुदत अजून शिल्लक आहे, एवढी घाई कसली?

"घरात लग्न आहे," आप्पा म्हणाले.

"कोणाचं?"

"धाकट्या मुलाचं."

बाबूने चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग त्याचा मॅडमच्या प्रबंधाशी काय संबंध?"

मी आप्पांकडे पाहिलं. मधलं काहीतरी ते आता म्हणतील, सोमवारी येतो, तूर्तास कच्ची पावती द्या, असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले.

"संबंध आहे," ते म्हणाले. "तुम्ही शिक्का मारा."